फेकणे आणि पकडणे यांच्या दरम्यान : रनटाइममधील एक्सेप्शन हाताळणीच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

या लहानशा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेच्या रनटाइममध्ये, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत, आजवर चूक कळवण्याची एकच रीत होती. प्रत्येक थ्रेडच्या रचनेत ‘प्रलंबित’ नावाचे एक फील्ड आहे. चूक झाली की त्यात एक्सेप्शन ऑब्जेक्टचा (झालेल्या चुकीचे वर्णन करणाऱ्या ऑब्जेक्टचा) पॉइंटर ठेवायचा, नल परत करायचे आणि कॉल करणाऱ्याने परतल्यावर ते फील्ड तपासायचे. इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे ही तपासणी एका मॅक्रोत बांधलेली आहे आणि तो मॅक्रो प्रत्येक कॉलच्या मागे आठवणीने लावावा लागतो. आज अंगभूत फंक्शनांची यादी घेऊन बसलो तेव्हा तीन ठिकाणी तो लावायचाच राहून गेला आहे असे दिसले. त्यांपैकी फाइल वाचणाऱ्या फंक्शनमध्ये तर चूक झाल्यावरही पुढच्या ओळी निर्वेधपणे चालत राहतात आणि ते एक्सेप्शन दोन मेथड पलीकडे, फाइलशी काडीचाही संबंध नसलेल्या एका बेरजेच्या सूचनेवर उगवते. प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर विसंबणारी ही रीत मोडून काढायची, असे ठरवून हे काम हाती घेत आहे.

पहिला निर्णय असा की, एक्सेप्शन पकडल्यावर चूक झाली तिथेच परत जाऊन काम पुढे चालू करता यावे की नाही. हा वाद जुना आहे. पीएल/वनमधील ऑन-कंडिशन, झेरॉक्स पार्कमधील मेसा आणि स्मॉलटॉक यांनी परत जाण्याची वाट ठेवली होती. सीएलयूने ती बंद केली, आणि पुढे सी प्लस प्लस, जावा व पायथन या भाषा सीएलयूच्याच बाजूला राहिल्या. मीही परतीची वाट ठेवणार नाही. चूक दुरुस्त करून परत पाठवणारा हँडलर, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा मजकूर, लिहायचा, तर फेकणाऱ्या मेथडच्या पोटात काय अर्धवट राहिले आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक असेल तर त्या मेथडला एक कॉलबॅक देऊन तेच काम अधिक उघडपणे करता येते.

७ मार्च

ट्राय ब्लॉकमध्ये, म्हणजे ज्यातली एक्सेप्शने पकडायची आहेत त्या मजकुरात, शिरताना रनटाइमने काय करावे, यावर सगळे अवलंबून आहे. सर्वांत सोपा उपाय सेटजंपचा: शिरताना रजिस्टरे जपून ठेवायची आणि थ्रो झाले, म्हणजे एक्सेप्शन फेकले गेले, की लाँगजंप करून तिथे उडी मारायची. एक्स८६-६४ लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये या जपणुकीची जागा २०० बाइटची असते आणि ती प्रत्येक ट्रायला लागते, मग एक्सेप्शन आयुष्यात कधी फेकले जावो वा न जावो. दुसरा उपाय ट्रायमध्ये शिरताना एका छोट्या स्टॅकवर हँडलरची नोंद ढकलण्याचा आणि बाहेर पडताना ती काढण्याचा, पायथनमध्ये ३.१० पर्यंत असेच होत होते. तिसरा उपाय तक्त्याचा आहे. ट्रायसाठी एकही सूचना चालवायची नाही. कंपायलरने मेथडसोबत एक तक्ता लिहून ठेवायचा आणि थ्रो झाल्यावरच तो उघडायचा. जावाच्या क्लास फाइलमध्ये हा तक्ता पहिल्यापासून आहे आणि पायथनने २०२२ मध्ये ३.११ मध्ये तो स्वीकारला. मी तक्ताच घेतला.

जावाच्या तक्त्यातील प्रत्येक ओळीत चार आकडे असतात: आरंभ, अंत, हँडलरची जागा आणि क्लास. यातला अंत हा त्या टप्प्याबाहेरचा पहिला पत्ता असतो, म्हणजे टप्पा उजवीकडून उघडा. आकडे दोन बाइटचे असल्यामुळे यात एक मौजेची फट राहिली आहे: मेथड नेमकी ६५,५३५ बाइटची असेल आणि तिची शेवटची सूचना एका बाइटची असेल, तर त्या सूचनेला कोणताही हँडलर संरक्षण देऊ शकत नाही. जावा व्हर्च्युअल मशीनच्या तपशीलपत्रात ही रचनेतली ऐतिहासिक चूक असल्याची सरळ कबुली दिलेली आहे. माझे आकडे चार बाइटचे ठेवले आहेत; अंत मात्र उघडाच ठेवला, कारण लागून आलेले दोन टप्पे तपासताना त्याने डोके शांत राहते.

दुपारपर्यंत साधी उदाहरणे चालली आणि मग एका चाचणीत क्रॅश मिळाला. आपल्या भाषेत ट्राय हे विधान नसून पदावली आहे, त्यामुळे तिला मूल्य असते आणि ती कॉलच्या आर्ग्युमेंटांमध्येही लिहिता येते. चाचणीत ‘जोड(अ, ट्राय वाच(फ) कॅच फाइलत्रुटी ० )’ अशी ओळ होती. बाइटकोड (इंटरप्रिटर चालवतो त्या सूचना) असा उतरतो: स्थान ० वर ‘जोड’ फंक्शन ऑपरंड स्टॅकवर, म्हणजे मधली मूल्ये ठेवण्याच्या चळतीवर, ढकलले जाते, ३ वर ‘अ’, ६ पासून १९ पर्यंत ट्रायचा भाग आणि ३० वर हँडलर. एक्सेप्शन आले की मी ऑपरंड स्टॅक रिकामा करत होतो, कारण जावामध्ये तसेच करतात. तिथे ते चालते, कारण जावात ट्राय हे नेहमी स्वतंत्र विधान असते आणि त्याच्याआधी स्टॅकवर जपण्याजोगे काही उरलेले नसते. माझ्याकडे मात्र ‘जोड’ आणि ‘अ’ हे दोघेही त्या साफसफाईत वाहून गेले, आणि हँडलरने ढकललेल्या शून्यालाच इंटरप्रिटरने फंक्शन मानून कॉल करण्याचा प्रयत्न केला. आता तक्त्याच्या ओळीत पाचवा आकडा आहे, खोलीचा:

आरंभ ६, अंत १९, हँडलर ३०, क्लास फाइलत्रुटी, खोली २

हँडलरमध्ये शिरताना स्टॅक या खोलीपर्यंतच कापायचा आणि त्यावर एक्सेप्शन ठेवायचे. पायथनच्या तक्त्यातही अशी खोली लिहिलेली असते. ती तिथे का आहे हे आज कळले.

११ मार्च

फायनली, म्हणजे ट्रायमधून कसेही बाहेर पडले तरी चालणारा मजकूर. या शब्दाला मी दोन दिवस दिले होते, चार लागले.

ट्रायमधून बाहेर पडण्याच्या वाटा मोजल्या तर पाच निघतात: सरळ शेवटापर्यंत जाणे, रिटर्न, ब्रेक, कंटिन्यू आणि एक्सेप्शन. पाचही वाटांवर फायनलीचा मजकूर चालला पाहिजे. तो एकदाच लिहून उपफंक्शनासारखा बोलवावा असा मोह होतो. जावाच्या बाइटकोडमध्ये त्यासाठी जेएसआर आणि रेट अशा दोन सूचना खास होत्या. पण एकाच मजकुरात वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये घेऊन शिरता येत असल्याने बाइटकोड पडताळणीला त्यांनी इतका त्रास दिला की क्लास फाइलच्या ५१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जावा ७ पासून, त्यांना मनाई झाली. त्यामुळे प्रत्येक वाटेवर फायनलीची स्वतंत्र प्रत उतरवण्याचा मार्ग मी घेतला. फायनलीच्या आत फायनली आणि तिच्याही आत फायनली असे कोणी लिहिले तर प्रतींच्या प्रती निघून कोड भराभर फुगतो; तसे लिहिणाऱ्याने ते सोसावे.

चूक निघाली ती निराळ्याच जागी. लॉग फाइल बंद करणाऱ्या फायनलीत ‘बंद’ ही मेथड स्वतःच एक्सेप्शन फेकते, अशी चाचणी मी लिहिली होती. निकालात ‘बंद’ दोनदा चाललेली दिसली. रिटर्नच्या वाटेवर उतरवलेली फायनलीची प्रत ही ट्रायच्या मजकुराच्या मधोमध येते, कारण रिटर्न तिथे लिहिलेला आहे. आणि तक्त्यातील टप्पा तर ट्रायच्या पहिल्या सूचनेपासून शेवटच्या सूचनेपर्यंत सलग होता. परिणामी त्या प्रतीतून फेकलेले एक्सेप्शन त्याच ट्रायच्या टप्प्यात सापडायचे आणि त्याच फायनलीची दुसरी प्रत चालू व्हायची. उपाय असा की टप्पा सलग ठेवायचा नाही: प्रत सुरू होते तिथे टप्पा तोडायचा, ती संपते तिथे नवी ओळ सुरू करायची. एका ट्रायमध्ये तीन रिटर्न असतील तर तक्त्यात एकाऐवजी चार ओळी येऊ शकतात. तक्ता लांबला तरी त्याची झळ फक्त फेकण्याच्या वेळी लागते.

रिटर्नचे मूल्य फायनलीच्या आधी काढून तात्पुरत्या जागी ठेवावे लागते, हेही नोंदवून ठेवतो. ‘रिटर्न क’ लिहिले आणि फायनलीत ‘क’ बदलला, तर परत जाणारे मूल्य जुनेच असले पाहिजे.

राहिला प्रश्न फायनलीच्या आत लिहिलेल्या रिटर्नचा. जावात असा रिटर्न वाटेत असलेले एक्सेप्शन गिळून टाकतो आणि कोणालाही कळत नाही. सी शार्पमध्ये ही कंपायलरची चूक ठरते. पायथननेही ३.१४ पासून त्यावर इशारा द्यायला सुरुवात केली आहे. मी सी शार्पची रीत उचलली. ज्याला एक्सेप्शन गिळायचेच आहे त्याने कॅच लिहून ते उघडपणे करावे.

१४ मार्च

क्लास जुळवणे. कॅचमध्ये लिहिलेला क्लास हा फेकलेल्या ऑब्जेक्टच्या क्लासचा पूर्वज आहे का, एवढेच पाहायचे आहे. पूर्वजांची साखळी वर वर चढत जाण्याऐवजी प्रत्येक क्लाससोबत त्याच्या सर्व पूर्वजांची खोलीनुसार लावलेली यादी ठेवली: कॅचचा क्लास खोली ३ वर असेल तर ऑब्जेक्टच्या क्लासच्या यादीतील तिसरी जागा पाहायची आणि तुलना करायची. आधी पूर्वज क्लासचा कॅच आणि खाली वंशजाचा, अशी मांडणी कंपायलर आता नाकारतो, कारण खालचा कॅच कधीच चालणार नाही. यापुढे या विषयात काही नाही.

१८ मार्च

स्टॅकचा माग, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या कॉलांची यादी, केव्हा टिपायचा, यावर प्रत्येक भाषेने वेगळे उत्तर दिले आहे. जावात तो एक्सेप्शनच्या कन्स्ट्रक्टरमध्येच भरला जातो, त्यामुळे तयार करून न फेकलेल्या एक्सेप्शनलाही त्याची किंमत पडते. डॉटनेटमध्ये तो फेकल्यानंतर भरतो. म्हणूनच सी शार्पमध्ये पकडलेले एक्सेप्शन नाव घेऊन पुन्हा फेकले तर माग नव्याने सुरू होतो आणि नुसता ‘थ्रो’ लिहिला तर जुना टिकतो. पायथन तर एक्सेप्शन ज्या ज्या फ्रेममधून (एकेका कॉलच्या स्टॅकवरील नोंदीतून) पुढे जाते तिथे तिथे एकेक कडी जोडत जातो.

मी फेकण्याच्या क्षणी टिपायचे ठरवले, आणि टिपताना मेथडचे नाव किंवा ओळ क्रमांक शोधायचा नाही. प्रत्येक फ्रेममागे मेथडचा पॉइंटर आणि पीसी (चालू सूचनेचा पत्ता) असे १६ बाइट उचलायचे. नावे छापायची वेळ आली तरच ती शोधायची. बहुतेक एक्सेप्शने छापलीच जात नाहीत, पकडून विसरली जातात. दहा हजार फ्रेम खोल गेलेल्या रिकर्शनमध्ये मात्र हेही १,६०,००० बाइट होतात, म्हणून मर्यादा हवी. जावाच्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती मूळची १,०२४ फ्रेमची आहे आणि वरच्या फ्रेम राखल्या जातात. पण अनंत रिकर्शनच्या वेळी वरच्या हजारो फ्रेम एकसारख्याच असतात आणि खरी उत्सुकता असते ती त्या चक्रात पहिले पाऊल कोणी टाकले याची, जे तळाशी असते. म्हणून वरच्या ५१२ आणि तळाच्या ५१२ फ्रेम ठेवून मध्ये ‘इतक्या फ्रेम वगळल्या’ अशी ओळ छापतो.

हॉटस्पॉटमध्ये आणखी एक युक्ती आहे: एकाच जागेवरून तेच अंगभूत एक्सेप्शन वारंवार फेकले जाऊ लागले की कंपायलर आधीच तयार ठेवलेले, माग नसलेले ऑब्जेक्ट फेकू लागतो. लॉगमध्ये नुसते नल पॉइंटरचे नाव आणि खाली कोरी जागा पाहून ज्याने रात्र घालवली आहे, तो ही युक्ती आपल्या रनटाइममध्ये घालणार नाही. मी घातलेली नाही.

२४ मार्च

आता मशीन कोड. वारंवार चालणाऱ्या मेथड आपला छोटा कंपायलर एक्स८६-६४ सूचनांमध्ये उतरवतो, आणि त्यांच्यातूनही एक्सेप्शन तसेच गेले पाहिजे. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ज्या रचनेने सी प्लस प्लसची एक्सेप्शने हाताळतात ती मुळात इटॅनियम प्रोसेसरसाठी लिहिली गेली होती, आणि तिचा गाभा दोन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत स्टॅकवरून कॉल करणाऱ्यांच्या दिशेने जाऊन कोणी पकडणारा आहे का एवढेच पाहायचे, कशालाही हात लावायचा नाही. सापडला तर दुसऱ्या फेरीत फेकणाऱ्यापासून एकेक फ्रेम आवरत त्याच्यापर्यंत यायचे.

इंटरप्रिटरमध्ये माझी एकच फेरी होती, आणि ती पुरत होती असे वाटत होते. पण कोणीच न पकडलेल्या एक्सेप्शनचा विचार करा. एका फेरीत सर्व फ्रेम आवरून झाल्यावर तळाशी पोहोचल्यावरच कळते की पकडणारा नाही, आणि तोपर्यंत चूक झाली त्या क्षणाची स्थानिक मूल्ये, उघड्या फाइली, अर्धवट भरलेले ऑब्जेक्ट हे सगळे नाहीसे झालेले असते. कोअर डंपमध्ये (प्रोसेस मरताना जपलेल्या मेमरीच्या प्रतीत) उरतो तो रिकामा तळ. दोन फेऱ्या असतील तर पहिली फेरी निष्फळ ठरताच, स्टॅक जसाच्या तसा असताना थांबता येते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा दोन फेऱ्या घेण्यासारख्या आहेत.

यासाठी तक्त्यात एक बदल करावा लागला. फायनली ही तक्त्यात ‘कोणताही क्लास पकडतो’ अशा ओळीने लिहिलेली होती, आणि पहिल्या फेरीला ती ओळ म्हणजे पकडणारा सापडला असेच वाटायचे. आता ओळीला प्रकार आहे: पकडणारी किंवा आवरणारी. पहिली फेरी आवरणाऱ्या ओळी ओलांडून जाते.

एक धोका लक्षात ठेवायचा. दुसऱ्या फेरीत फायनलीचा मजकूर चालतो, तो नवे ऑब्जेक्ट तयार करतो, आणि त्यामुळे न लागणारी मेमरी परत घेणारा गार्बेज कलेक्टर जागा होऊ शकतो. आपला कलेक्टर ऑब्जेक्ट हलवतो. फेकलेल्या एक्सेप्शनचा पॉइंटर मी सीच्या एका लोकल व्हेरिएबलमध्ये धरून बसलो होतो. पहिल्याच मोठ्या चाचणीत हँडलरच्या हाती एक्सेप्शनऐवजी स्ट्रिंगचा मधला तुकडा आला. प्रवासात असलेले एक्सेप्शन आता थ्रेडच्या रचनेत, कलेक्टरला दिसेल अशा जागी असते.

२७ मार्च

एका ट्रायला एक्सेप्शन पकडता येत नाही. त्याच मजकुरात कॉलनंतर एक निरुपद्रवी ओळ जोडली की पकडता येते.

२८ मार्च

सापडले. उतरवलेल्या कोडमध्ये ट्रायचा टप्पा ६४ पासून ९१ पर्यंत आहे, ९१ वगळून. त्यातली शेवटची सूचना म्हणजे थ्रो करणाऱ्या रनटाइम फंक्शनचा कॉल. ती ८६ वर सुरू होते आणि पाच बाइटची आहे. स्टॅकवर लिहिला जातो तो परतीचा पत्ता, म्हणजे कॉलनंतरच्या सूचनेचा, म्हणजे ९१. तक्त्यात ९१ शोधला की तो टप्प्याच्या बाहेर पडतो. एरवी कॉलनंतर निकाल साठवण्याची एखादी सूचना असतेच, त्यामुळे परतीचा पत्ता टप्प्याच्या आत राहतो आणि ही चूक झाकली जाते. कधीच न परतणाऱ्या फंक्शननंतर कंपायलर काहीही उतरवत नाही, म्हणून ती इथेच उघडी पडली. उपाय सर्वज्ञात आहे: शोधण्यापूर्वी परतीच्या पत्त्यातून एक वजा करायचा. ९० हा पत्ता कोणत्याही सूचनेचा आरंभ नसला तरी तो कॉलच्या पोटात आहे, आणि तेवढे पुरते. इंटरप्रिटरमध्ये हा प्रश्न आला नाही, कारण तिथे सूचना सुरू होतानाचाच पीसी फ्रेममध्ये लिहिला जातो.

१ एप्रिल

वजा एकचा आनंद चार दिवस टिकला. नल पॉइंटरची तपासणी उतरवलेल्या कोडमध्ये करायची नाही असे ठरले आहे: नलमधून फील्ड वाचले की प्रोसेसरच दोष उभा करतो, कर्नल आपल्याला सिगसेग्व्ह सिग्नल देते आणि त्याचे एक्सेप्शन बनवायचे. मात्र यात पीसी मिळतो तो परतीचा पत्ता नसून दोष झालेल्या सूचनेचाच असतो. ट्रायची पहिलीच सूचना फील्ड वाचणारी असेल आणि ती ६४ वर असेल, तर वजा एक केल्यावर ६३ मिळतो, आणि एक्सेप्शन पुन्हा टप्प्याबाहेर, या वेळी दुसऱ्या टोकाने. म्हणून प्रत्येक फ्रेमसोबत ‘हा पत्ता नेमका आहे की परतीचा’ अशी खूण ठेवावी लागते. ड्वार्फ या डीबग-माहितीच्या स्वरूपातील अनवाइंड (स्टॅक आवरण्याच्या) माहितीत सिग्नलच्या फ्रेमसाठी ‘एस’ हे अक्षर लिहिलेले असते, ते याचसाठी. ते अक्षर मी पूर्वी अनेकदा पाहिले होते आणि शोभेचे समजून सोडून दिले होते.

सिग्नल हँडलरविषयी ठरवलेल्या गोष्टी. दोषाचा पत्ता पहिल्या ४,०९६ बाइटमध्ये असेल आणि पीसी आपल्या उतरवलेल्या कोडमध्ये असेल तरच ते नल मानायचे. बाकी सगळे खरे क्रॅश, त्यांना हात लावायचा नाही. ज्या ऑब्जेक्टमध्ये फील्ड ४,०९६ च्या पुढे पडते तिथे कंपायलरने उघड तपासणीच उतरवावी, नाहीतर नलपासूनची उडी पहिले पान ओलांडून भलत्याच मेमरीत पडेल. आणि सिग्नल हँडलरच्या आतून स्टॅक आवरायला सुरुवात करायची नाही: जपून ठेवलेल्या रजिस्टरांमधील पीसी बदलून तो आपल्या स्टबकडे (फेकण्याचे काम सुरू करणाऱ्या छोट्या कोडकडे) वळवायचा आणि हँडलरमधून सभ्यपणे परतायचे.

स्टॅक ओव्हरफ्लोही याच वाटेने येतो, फरक इतकाच की हँडलरला चालायला स्टॅकच उरलेला नसतो. म्हणून त्याला वेगळा पर्यायी स्टॅक दिला आहे. थ्रेडच्या स्टॅकच्या टोकाला एक राखीव पट्टा आणि त्याच्यापलीकडे कायमचे संरक्षित पान आहे. पट्ट्याला स्पर्श होताच पट्टा खुला करायचा, म्हणजे एक्सेप्शन तयार करायला व फायनली चालवायला थोडी जागा मिळते. आज दुपारी सलग दोनदा ओव्हरफ्लो करणारी चाचणी लिहिली. पहिला नीट पकडला गेला, दुसऱ्याने प्रोसेस मेली. स्टॅक खाली उतरल्यावर पट्टा पुन्हा बंद करायचे मी विसरलो होतो. आता हँडलरमध्ये शिरतानाच ते तपासले जाते.

मेमरी संपल्याचे एक्सेप्शन रनटाइम सुरू होतानाच बनवून ठेवले आहे, कारण त्या क्षणी ते बनवायला मेमरी नसणार. त्याला माग नसतो. या एका ठिकाणी कोरी जागा मान्य केली आहे.

८ एप्रिल

कन्स्ट्रक्टरमधून फेकलेले एक्सेप्शन. सी प्लस प्लसमध्ये नियम नेटका आहे: जे सदस्य आणि जे पूर्वज पूर्ण बनून झाले आहेत त्यांचे डिस्ट्रक्टर उलट्या क्रमाने चालतात, आणि खुद्द त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालत नाही, कारण ते कधी जन्मलेच नाही. कलेक्टर असलेल्या भाषेत हे इतके सोपे राहत नाही. सॉकेटचा कन्स्ट्रक्टर पत्ता तपासताना फेकतो, सॉकेट अजून उघडलेलेच नसते, त्याच्या क्रमांकाच्या फील्डमध्ये मूळचा शून्य असतो. नंतर कधीतरी कलेक्टर ते अर्धवट ऑब्जेक्ट उचलतो, त्याचा फायनलायझर (ऑब्जेक्ट उचलले जाताना चालणारी मेथड) प्रामाणिकपणे क्रमांक शून्य बंद करतो, आणि प्रोग्रामचा स्टँडर्ड इनपुट जातो. हे माझ्या चाचणीत तंतोतंत असेच घडले, आणि इनपुट का संपले हे शोधण्यात सकाळ गेली.

आता ऑब्जेक्टच्या शीर्षकात ‘पूर्ण’ असा एक बिट आहे. कन्स्ट्रक्टर परतल्यावर ‘न्यू’ ही सूचना तो लावते, आणि बिट नसेल तर फायनलायझर चालत नाही. अर्धवट ऑब्जेक्टने आधीच काही उघडले असेल तर ते कन्स्ट्रक्टरनेच स्वतःच्या ट्रायमध्ये बंद करावे. कन्स्ट्रक्टरने ‘धिस’ बाहेरच्या एखाद्या यादीत टाकून मग फेकले, तर ते अर्धवट ऑब्जेक्ट बाहेर हिंडत राहते. याला रनटाइममध्ये उपाय नाही असे माझे मत झाले आहे. दस्तऐवजात ताकीद लिहिली.

१५ एप्रिल

एक्सेप्शन वाटेत असताना फायनलीने दुसरे फेकले तर कोणते टिकवायचे? सी प्लस प्लसमध्ये आवरताना डिस्ट्रक्टरबाहेर एक्सेप्शन निसटले तर प्रोग्रामच थांबवला जातो. जावात फायनलीतले नवे एक्सेप्शन जुन्याची जागा घेते. जावा ७ मधील संसाधनांच्या ट्रायने मात्र पहिले एक्सेप्शन मुख्य मानून बंद करतानाची एक्सेप्शने त्याच्या दडपलेल्यांच्या यादीत जोडली. पायथनमध्ये नवे पुढे जाते आणि जुने त्याच्या संदर्भात अडकवलेले राहते. माझ्या मते वाचणाऱ्याला हवे असते ते पहिले: डेटा लिहिताना डिस्क भरली हे कारण आहे, आणि त्यानंतर फाइल बंद करता आली नाही हा त्याचा परिणाम. म्हणून पहिले मुख्य, पुढचे त्याच्या यादीत.

एका चाचणीत छपाई थांबेचना. फायनलीने वाटेत असलेले तेच एक्सेप्शन पुन्हा फेकले होते, ते स्वतःच्याच यादीत जाऊन बसले, आणि छापणारा गोल गोल फिरत राहिला. जावा स्वतःला स्वतःच्या यादीत जोडू देत नाही. तेवढ्याने पहिल्याच्या यादीत दुसरे आणि दुसऱ्याच्या यादीत पहिले, हे चक्र थांबत नाही. त्यामुळे छापणारा आता भेटलेल्या एक्सेप्शनांची नोंद ठेवतो आणि पुन्हा भेटलेल्याचे फक्त नाव छापतो.

२२ एप्रिल

आठ थ्रेड एकाच वेळी फेकू लागले की सगळे एकमेकांसाठी थांबतात. दिलेला पीसी कोणत्या मेथडच्या कोडमध्ये पडतो हे पाहण्यासाठीचा तक्ता मी एका सर्वसामायिक कुलपाखाली ठेवला होता आणि दोन फेऱ्यांत प्रत्येक फ्रेममागे ते कुलूप दोनदा घेतले जात होते. जीसीसीच्या जगातही हेच दुखणे दीर्घकाळ होते: लोड झालेल्या लायब्ररींची यादी पाहताना अनवाइंडर ग्लोबल कुलूप घेत असे, आणि ते २०२२ मध्ये जीलिबसी २.३५ व जीसीसी १२ यांच्या जोडीने हटले. माझा तक्ता आता पत्त्यानुसार लावलेला आणि न बदलणारा आहे. नवी मेथड उतरवली की नवी प्रत बनवून पॉइंटर अ‍ॅटॉमिक रीतीने बदलतो. वाचणाऱ्याला कुलूप लागत नाही. जुनी प्रत लगेच मुक्त करायची नाही, पुढच्या वेळी कलेक्टर सर्व थ्रेड थांबवेल तेव्हा ती सोडायची.

२९ एप्रिल

इंटरप्रिटरमधून तपासणीचा मॅक्रो आज काढला. बाइटकोडमधले कॉल आता कोणतेही फील्ड पाहत नाहीत. ‘प्रलंबित’ फील्ड मात्र जागच्या जागी आहे, कारण सी भाषेतल्या अंगभूत फंक्शनांच्या फ्रेम आवरण्याचा प्रयत्न मी जाणूनबुजून केलेला नाही: त्यांनी फील्ड भरून नल परत करायचे आणि सीमेवरच्या ट्रॅम्पोलिनने (दोन्ही बाजू जोडणाऱ्या छोट्या कोडने) त्याचे खरे एक्सेप्शन करायचे, एवढेच. म्हणजे मार्चमध्ये जी गोष्ट शेकडो ठिकाणी लक्षात ठेवावी लागत होती, ती आता ट्रॅम्पोलिनपुरती उरली आहे, आणि अंगभूत फंक्शनांच्या आपापसातील कॉलांपुरती.

त्या कॉलांवर लक्ष ठेवण्यासाठी डीबग बिल्डमध्ये दोन तपासण्या घातल्या. फील्ड भरलेले असताना कोणत्याही अंगभूत फंक्शनमध्ये शिरता येणार नाही, आणि नल परतले पण फील्ड रिकामे, किंवा फील्ड भरले पण नल नाही, असे ट्रॅम्पोलिनला दिसले की प्रोसेस तिथेच थांबेल. ३ मार्चला सापडलेली तीन फंक्शने मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली होती. संध्याकाळी पूर्ण चाचणीसंच चालवला, तेव्हा एकोणिसाव्या चाचणीवर चौथे सापडले: स्ट्रिंगची तुलना करणारे.